मोत माउलीला पहिल्यांदा जाताना: वांद्र्याच्या डोंगरावरील यात्रेची क्रमवार माहिती

वांद्र्याच्या डोंगरावरची मोत माउली मुंबईतल्या मराठी घरांना अपरिचित नाही. कुणाच्या आजीने तिथे मेणाचा पाळणा वाहिलेला असतो, कुणाच्या वडिलांनी नोकरी लागल्यावर मेणबत्ती लावलेली असते. तरीही प्रत्यक्ष जाण्याची वेळ आली की कोणत्या दिवशी जावे, काय न्यावे, आत गेल्यावर काय करावे, हे नेमके सांगणारे माणूस जवळ नसते.

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आईने माउलीला नवस बोलला होता. तो फेडायला आम्ही दोघी पहिल्यांदा गेलो, तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. जत्रेच्या रविवारी भर दुपारी टॅक्सी करून निघालो. टॅक्सी वाटेतच थांबवली गेली आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या आईला उन्हात चढ चढावा लागला. विकत घेतलेले भरलेले तबक कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना) चालू असताना, प्रसाद वाटत आहेत असे समजून, आम्ही सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिलो. मागच्या बाकावरच्या एका वयस्क ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक समाजातल्या) बाईंनी हलक्या हाताने आम्हाला बाजूला बसवले आणि मिस्सा संपल्यावर एकेक गोष्ट समजावून सांगितली. त्यानंतर, जत्रा भरली नाही ती २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली, तर माझी फेरी चुकलेली नाही. त्या बाईंकडून जे शिकले आणि पुढे चुकत-माकत जे कळले, ते इथे क्रमाने लिहिते. हे स्थान कुणालाही धर्म किंवा जात विचारत नाही, आणि म्हणूनच तिथली रीत समजून घेऊन जाणे हे आपले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

१. आधी माउलीची ओळख करून घ्या

फलकावर 'माउंट मेरी' लिहिलेले असते, पण कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत 'मोत माउली' हेच नाव चालते. 'मोत' हे डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज 'मोंत' शब्दाचे इथल्या जिभेवर रुळलेले रूप मानले जाते. म्हणजे ही डोंगरावरची आई. ही येशूची आई मरिया. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे आराधना फक्त देवाची होते. मरियेचा सन्मान केला जातो आणि 'आमच्यासाठी देवाजवळ विनंती कर' असे तिला सांगितले जाते. हा फरक लक्षात ठेवला की तिथल्या प्रार्थनांचे शब्द आपोआप उलगडतात.

१५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा मुलूख (वांद्रे साष्टीतच येते) पोर्तुगीजांकडे गेला. त्यानंतर वांद्र्यात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी काम सुरू केले. डोंगराखाली समुद्राच्या बाजूला १५७५ साली संत आंद्रे यांचे चर्च उभे राहिले आणि सोळाव्या शतकातच डोंगरावर मरियामातेचे लहानसे प्रार्थनाघर झाले. तिथली लाकडी मूर्ती पोर्तुगालहून आणलेली होती. परंपरा असे सांगते की १७०० च्या सुमारास समुद्रमार्गे आलेल्या अरब लुटारूंनी मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला.

पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. त्या युद्धकाळाच्या धामधुमीत डोंगरावरचे प्रार्थनाघर उद्ध्वस्त झाले. याच उलथापालथीच्या वर्षांशी कोळ्यांची एक कथा जोडलेली आहे. एका कोळ्याला स्वप्नात समुद्रात मूर्ती दिसली आणि पुढे ती खरोखरच पाण्यात सापडली. दर्यावर्दींची माता म्हणून ओळखली जाणारी मूर्ती संत आंद्रे चर्चमध्ये आहे. डोंगरावरची मूळ मूर्ती दुरुस्त होईपर्यंत या मूर्तीने तिची जागा घेतली होती, असे सांगतात. १७६० च्या सुमारास डोंगरावर पुन्हा बांधकाम झाले आणि १७६१ मध्ये मूळ मूर्ती परत आली. तुटलेल्या हाताच्या जागी आता बाळ येशू होता. साष्टी इंग्रजांनी घेतली ती १७७४ साली. याचा अर्थ, माउली डोंगरावर परतली तेव्हा वांद्र्यावर पेशव्यांचा अंमल होता. युद्धात पडलेले देऊळ मराठी अमलातच पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट शाळेत वसईची लढाई शिकलेल्या आपल्यासारख्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. (मी 'देऊळ' हा शब्द उगाच वापरलेला नाही. वसईकडचे कॅथलिक मराठीत बोलताना चर्चला देऊळच म्हणतात.)

आज दिसते ती दगडी, दोन मनोऱ्यांची इमारत १९०४ मधली आहे आणि तिचे वास्तुशिल्पी शापूरजी चंदाभॉय होते. १९५४ मध्ये पोपनी या चर्चला 'बॅसिलिका' हा सन्मान दिला.

२. दिवस ठरवा

मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला असतो. ८ डिसेंबरच्या तिच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणानंतर बरोबर नऊ महिन्यांनी हा दिवस येतो. वांद्र्याचा मोठा सण मात्र दर वर्षी ८ तारखेलाच होतो असे समजू नका, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ८ सप्टेंबर रविवारी आला तर सण त्याच दिवशी असतो, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी. त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत आठवडाभर जत्रा चालते. २०२४ मध्ये ८ तारीखच रविवारी होती. २०२५ मध्ये ती सोमवारी आल्यामुळे सण १४ तारखेला झाला. याच हिशेबाने २०२६ मध्ये रविवार १३ सप्टेंबरचा येतो. गणेशोत्सवही बहुधा याच सुमारास असतो, म्हणून आगाऊ रजा घेण्यापूर्वी दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा.

सणाआधी नऊ दिवस नोव्हेना असते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य आणि मरिया पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थनेत राहिले, त्या नऊ दिवसांत या प्रथेचे मूळ पाहिले जाते. खऱ्या भाविकांच्या लेखी जत्रेपेक्षा हे नऊ दिवस मोठे असतात. माझाही अनुभव तसाच आहे. तुम्हाला शांतपणे बसायचे असेल, मराठी किंवा कोंकणी प्रार्थना नीट ऐकायची असेल, तर नोव्हेनाच्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी या. जत्रेचाच अनुभव हवा असेल तर मंगळवार ते गुरुवार, शक्यतो सकाळी नऊच्या आत पोहोचा. दोन्ही रविवार वृद्धांना किंवा तान्ह्या मुलांना घेऊन येण्यासारखे नसतात. आणि नवस सप्टेंबरमध्येच फेडला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. माझी आई आता जानेवारीत जाते आणि माउलीसमोर अर्धा तास निवांत बसून येते.

३. बरोबर काय असावे

कोणताही दाखला लागत नाही. बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र, ओळखपत्र, आगाऊ नोंदणी यांपैकी काहीही दर्शनासाठी मागितले जात नाही. तरी या गोष्टी जवळ ठेवा:

- छत्री किंवा रेनकोट, कारण सप्टेंबरात पाऊस न सांगता येतो, आणि ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला
- सुटे पैसे, वेगळ्या छोट्या पाकिटात
- पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधे
- मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी
- मिस्साचा हेतू द्यायचा असेल, म्हणजे कुणासाठी मिस्सा अर्पण करायची असेल, तर संबंधित व्यक्तीचे नाव आणि कारण लिहिलेला कागद

मोठी पिशवी किंवा बॅग आणू नका. जत्रेत पोलीस तपासणी असते आणि मोठ्या सामानामुळे तुमचाच वेळ जातो. कपडे साधे आणि अंगभर असावेत, एवढे पुरे. मूर्तीपुढे जाताना डोके झाकण्याची सक्ती नाही.

४. डोंगरावर पोहोचा

पश्चिम रेल्वेने किंवा हार्बरने वांद्र्याला उतरून पश्चिमेला बाहेर या. जत्रेच्या आठवड्यात बेस्ट तिथून जादा बस सोडते. खासगी गाड्यांना डोंगराकडच्या रस्त्यांवर मज्जाव असतो आणि पार्किंगही मिळत नाही. आमची टॅक्सी थांबली ती याच कारणाने. अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे. चालू शकणाऱ्यांनी चालतच जावे, कारण हिल रोडवरून माणसांच्या लोंढ्याबरोबर पुढे सरकणे हाही यात्रेचा भाग आहे. अनवाणी चालणारे कोळी, हातात जपमाळ घेतलेल्या वसईच्या आज्या, बाळाला खांद्यावर घेतलेले तमिळ कुटुंब, हे सगळे एकाच दिशेने चाललेले असतात.

माहीमहून येताना खाडीवरचा रस्ता लागतो. पूर्वी तिथे फक्त होड्या चालत आणि पावसाळ्यात त्या उलटत. १८४० च्या दशकात जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःच्या पैशांतून हा बांध-रस्ता उभा करायला मदत केली. माउलीला बोललेल्या नवसापोटी त्यांनी हे केले अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पारशी बाईच्या दानाने मुंबईचा भाविक वांद्र्याला सुखरूप पोहोचू लागला, एवढे खरेच.

आणखी एक गोंधळ टाळा. दर बुधवारी जिथे नोव्हेनाची गर्दी उसळते ते माहीमचे संत मायकेल चर्च आहे. १९४८ पासून तिथे सदासाहाय्य मातेची (हेही मरियेचेच एक नाव) नोव्हेना चालते. 'बुधवारी मेरीमातेला जायचे' असे कुणी सांगितले तर आधी माहीम की वांद्रे हे विचारून घ्या.

५. मेणबत्ती आणि मेणाच्या आकृत्या

चर्चच्या आसपास पोहोचताच दोन्ही बाजूंना मेणाची दुकाने लागतात. साध्या मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, पूर्णाकृती माणूस, पाळण्यातले बाळ, घर, अगदी विमान आणि पासपोर्टही तिथे मिळतात. ज्या अवयवाचे दुखणे, त्याची आकृती वाहायची. घर हवे असेल तर घर आणि परदेशी जायचे असेल तर विमान. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे नवल वाटते, पण आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहणारी माणसे आहेतच. दुखणे शब्दांत मांडता येत नाही तेव्हा माणूस ते हाताने उचलून देवापुढे ठेवतो. माझ्या आईने भावासाठी मेणाची छाती शोधली होती, कारण आजार फुप्फुसाचा होता. ती मिळाली नाही म्हणून तिने पूर्ण मुलाची आकृती घेतली आणि दुकानापासून वेदीपर्यंत ती तान्ह्या बाळासारखी कुशीत धरली.

आता सावधगिरीच्या गोष्टी. विक्रेते बोलावतात, हातात तबक देतात, 'पाच मेणबत्त्या, हार आणि आकृती घेतल्याशिवाय नवस पुरा होत नाही' असे सांगतात. चर्चचा असा कोणताही नियम नाही. एक मेणबत्तीही पुरते आणि रिकाम्या हातांनी केलेली प्रार्थनाही तेवढीच पुरते. भाव आधी विचारा, तबक नंतर हातात घ्या. दोन-तीन दुकाने पुढे गेलात तर भावातला फरक कळतो. आकृतीबद्दल मनात शंका असेल तर साधी मेणबत्ती घ्या, ती प्रत्येक हेतूला चालते.

मेणबत्ती चर्चच्या आत पेटवायची नसते. पेटवण्यासाठी बाहेर जागा राखलेली असते आणि आकृत्या व हार कुठे अर्पण करायचे ते स्वयंसेवक दाखवतात. त्यांना न संकोचता विचारा. जत्रेत गर्दी इतकी असते की मेणबत्ती लावून तिच्यापाशी उभे राहता येत नाही. तुमची ज्योत दोन मिनिटांत विझवून पुढच्याला जागा करून दिली गेली, तर मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षी मी घेतले होते. त्या ईस्ट इंडियन बाई म्हणाल्या, 'बाय, ज्योत विझली तरी मागणं विझत नाय.' ते वाक्य माझ्यापाशी राहिले आहे.

६. आत गेल्यावर

मोबाइल बंद करा. रांग चालू असेल तर मूर्तीपुढे क्षणभरच थांबता येते, म्हणून काय मागायचे ते रांगेतच मनाशी ठरवून ठेवा. दर्शन झाल्यावर घाईने बाहेर पडू नका, बाकावर जागा असेल तर बसा. भिंतींवर मरियेच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. मूर्तीकडे पाहताना तुटलेल्या हाताची कथा आठवून बाळ येशूकडे मुद्दाम पाहा.

चर्चसमोर रस्त्यापलीकडे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेले छोटे प्रार्थनास्थान आहे आणि तिथे फातिमामातेची, म्हणजे पोर्तुगालमधल्या फातिमा गावी दर्शन दिलेल्या मरियेची, मूर्ती आहे. पुष्कळ लोक धावपळीत ते चुकवतात. तिथून मागे वळून पाहिले की बॅसिलिकेचे पूर्ण दर्शन होते आणि समुद्राचा वारा लागतो.

७. मिस्साला बसायचे असेल तर

जत्रेच्या आठवड्यात इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत मिस्सा होतात. वेळा दर वर्षी बदलतात, म्हणून दारावरचा फलक आदल्या दिवशी पाहणे किंवा कार्यालयात विचारणे चांगले. मिस्साचे ढोबळ दोन भाग असतात. पहिल्या भागात बायबलमधली वाचने, प्रवचन आणि सर्वांसाठीच्या विनंत्या असतात. दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जातो. कॅथलिक श्रद्धेनुसार ती भाकर आणि तो द्राक्षारस खऱ्या अर्थाने ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा आणि बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिलात तरी चालते.

इथे मी सर्वांत कळकळीने सांगते: शेवटी लोक वेदीकडे रांगेने जातात तो ख्रिस्तप्रसाद असतो आणि तो आपल्या देवळातल्या प्रसादासारखा सर्वांना घ्यायचा नसतो. बाप्तिस्मा झालेल्या, त्याची तयारी केलेल्या आणि त्याआधी तासभर उपवास पाळलेल्या कॅथलिकांसाठीच तो असतो. बिगरख्रिस्ती माणसाने आपल्या जागी बसून राहावे, त्यात अपमान काहीच नाही. कुणी अजाणतेपणी हातात घेतलाच तर खिशात ठेवून घरी नेऊ नये, तिथेच फादरांना परत द्यावा. तो घरी नेणे त्यांच्या श्रद्धेला फार मोठी इजा करणारे आहे. आम्ही दोघी त्या रांगेत उभ्या होतो हे आठवले की मला आजही त्या बाईंचे आभार मानावेसे वाटतात.

एखाद्यासाठी मिस्सा अर्पण करायची असेल, तर आधी कार्यालयात नाव, हेतू (आभार, आजारपण, मृतात्म्यास शांती) आणि हवी ती तारीख द्या. सप्टेंबरात ताबडतोब दिवस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. अर्पण किती द्यावे ते तिथेच विचारा. बाहेर कुणी 'मी लावून देतो' म्हणाले तर पैसे देऊ नका.

८. नवस बोलताना आणि फेडताना

नवसाला ठरावीक विधी नाही. काही कुटुंबे जपमाळ म्हणतात, काही नऊ दिवस उपवास करतात, काही पायऱ्या अनवाणी चढतात. मराठीत 'नमो मरिया' ही छोटी प्रार्थना शिकायला सोपी आहे. ती पाठ नसेल तर आपल्या शब्दांत बोला. एवढेच सुचवेन की जे झेपेल तेच बोला. गुडघे दुखणाऱ्या माणसाने अनवाणी चढण्याचा नवस बोलला आणि पुढे जमले नाही, तर तो वर्षानुवर्षे मनाला खात राहतो. असे झालेच असेल तर तिथल्या फादरांशी बोला. ते शांतपणे ऐकून घेतात आणि बहुधा त्याऐवजी करता येईल असे एखादे सत्कर्म सुचवतात. आमच्या शेजारच्या काकूंनी चढण्याऐवजी एका आजारी मुलीचे वर्षभराचे औषध दिले.

९. उतरताना

समुद्राच्या बाजूने बँडस्टँडकडे उतरता येते. पुढे टोकाला १६४० चा पोर्तुगीज किल्ला आहे. त्याचे उरलेले बुरूज पाहिले की या डोंगराला समुद्रावरून धोका का होता ते कळते. हिल रोडने परतणाऱ्यांनी वाटेत संत आंद्रे चर्चमध्ये थांबावे. दर्यावर्दींची माता तिथेच आहे, गर्दी नसते आणि आवारातल्या जुन्या समाधीशिला वाचता येतात. मी दर वर्षी वर मोत माउलीला मेणबत्ती लावून खाली हिच्यापाशी बसते, कारण पडत्या काळात तिने डोंगरावरची जागा सांभाळली होती.

जत्रेतून खाजे, चणे आणि पेरूची चीज (पेरूच्या गराची गोड वडी) घरी न्यायची पद्धत आहे. खाजे घेताना ताजे आहे का ते चाखून पाहा आणि पावसात कागदी पुडीला वरून प्लॅस्टिकची पिशवी मागून घ्या. परतीची बस पकडायची असेल तर संध्याकाळी सहाच्या आत खाली या, कारण त्यानंतर कार्यालये सुटतात आणि डोंगर चढणाऱ्यांची रांग वांद्रे स्थानकापासूनच सुरू झालेली असते.